पाच मिनिटं थांबा

१

रविराजची नोकरी अशी, की काम चोख चाललं असेल तर हा माणूस नुसता बसून पगार खातो असं बघणाऱ्याला वाटावं. बेळगावात अनगोळला शिक्षणसंस्थेचं मुख्य ऑफिस, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली, आणि खोलीत अर्धी भिंत व्यापणारा पडदा. निपाणीपासून कणकुंबीपर्यंत संस्थेच्या एकोणीस शाळा. प्रत्येक शाळेत संगणकांचं आपापलं जाळं आणि प्रत्येक संगणकात एक लहानसा प्रोग्राम बसवून ठेवलेला. त्याला एजंट म्हणतात. अनगोळचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी सगळ्यांना हाक मारतं, आणि एजंट तिकडून ओ देतो. ओ आली की पडद्यावर त्या संगणकाचा ठिपका हिरवा. दोन हाका फुकट गेल्या की लाल. लाल दिसला की रविराजनं त्या शाळेला फोन करायचा, आणि बहुतेक वेळा तिकडून एवढंच कळायचं की झाडलोट करताना कुणीतरी वायर उपटली.

गावोगाव जाऊन हे एजंट बसवायचं काम भरमूआण्णांचं. जांबोटीकडचा माणूस, पन्नाशी ओलांडलेली, खांद्याला कायम निळी पिशवी. एजंट बसवताना संगणक कुठं ठेवलाय ते लिहायला एक रकाना असतो. दुसरा कुणी शाळेचं नाव लिहून मोकळा झाला असता. आण्णा लिहायचे, ‘निपाणी, मागची खोली, मोडक्या कपाटाशेजारी.’ खोलीत रविराजच्या हाताखाली काम करणारी दीप्ती स्वतः निपाणीची. ती हसायची, म्हणायची, “आण्णा, ते कपाट माझ्या वडलांच्या वेळेपासून मोडलंय, नक्की सापडेल.”

आण्णांची आणखी एक रीत होती. काम झालं की त्याच संगणकासमोर बसून ते रविराजला फोन लावायचे. “रवी, दिसतोय का मी?”

रविराजनं पडद्याकडं बघायचं आणि म्हणायचं, “दिसतोय आण्णा. या आता.”

ते ‘या’ कानावर पडल्याशिवाय आण्णा खुर्ची सोडत नसत. एकदा आण्णा निपाणीत असताना रविराज इकडं मीटिंगमध्ये अडकला, तर हा माणूस तीन वाजेपर्यंत उपाशी बसून राहिला. “जेवायला तरी जायाचं न्हाय का, आण्णा?” असं विचारल्यावर म्हणाले, “तू कुठं या म्हणालास?” त्यावर ऑफिसात महिनाभर थट्टा चालली. आण्णाही त्यात हसायचे, पण रीत काही सोडली नाही.

आण्णा जाऊन आता सहा महिने झाले होते.

२

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. दुपारी चारच्या सुमाराला दीप्ती म्हणाली, “सर, कणकुंबी हिरवं कसं काय?”

रविराजनं मान वर केली. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात कणकुंबीचा एकुलता एक ठिपका हिरवागार होता.

कणकुंबीची शाळा दिवाळीत बंद झाली होती. नऊ पोरं उरली होती, ती दुसरीकडं घातली. तिथला संगणक टेम्पोत टाकून इकडं आणला, आणि तो ह्याच खोलीत, रविराजच्या पाठीमागच्या मांडणीवर पडून होता. आतली डिस्क काढलेली, वायर गुंडाळून वर ठेवलेली. डिस्क नाही म्हणजे प्रोग्राम नाही, आणि प्रोग्राम नाही म्हणजे ओ द्यायला कुणीच नाही. शाळेपर्यंत गेलेली लाइनसुद्धा तोडलेली होती.

“जुनी नोंद राहिली असंल,” रविराज म्हणाला.

“राहिली असती तर लाल दिसली असती की, सर. हा ओ देतोय.”

“मग दुसऱ्या कुठल्यातरी मशीनला जाळ्यातला तोच नंबर गेला असंल.”

हे पटण्यासारखं होतं. तसं होतं कधी कधी. दीप्तीनं बाकीच्या अठरा शाळांची यादी तपासली, कुठंच तो नंबर सापडला नाही. शेवटी तिनं नोंदच पुसून टाकली आणि दोघं चहाला गेले. परत आले तर ठिपका पुन्हा जागेवर. नवीन मशीन आपणहून शोधायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. त्यानं ते शोधलं होतं.

दीप्तीनं ठिपक्यावर टिचकी मारली. ठावठिकाण्याच्या रकान्यात आण्णांचे जुनेच शब्द होते. ‘कणकुंबी, ऑफिस, खिडकीखालचं टेबल.’

“आण्णांनी लिहिलेलं,” ती हळू म्हणाली, आणि पडद्यावरची ती चौकट मिटवली. नंतर ती ऑफिस सुटेपर्यंत त्या मांडणीकडं पाठ करून बसली नाही. खुर्ची फिरवून भिंतीला टेकवून घेतली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी रविराज एकटाच लवकर आला. ठिपका हिरवाच होता. आपण बघणार नाही असं मनाशी ठरवून त्यानं आधी निपाणीचं काम उरकलं, मग खानापूरचं. आणि मग बघितलंच.

‘कणकुंबी, ऑफिस, खिडकीखालचं टेबल. खिडकी लावून घेतली, पाऊस आत येतोय.’

बाहेर कडक ऊन होतं. खाली फाटकाजवळ कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. तो रकाना आपोआप बदलत नाही. त्या त्या संगणकासमोर बसून, पासवर्ड घालून, हातानं लिहावा लागतो. रविराज उठला, मांडणीजवळ गेला आणि त्या संगणकाच्या डब्यावर तळहात ठेवला. डबा थंड होता. वर धूळ होती, आणि धुळीवर आता त्याच्या पंजाचा ठसा.

इतक्यात दार वाजलं आणि तो दचकला. मालुबाई चहा घेऊन आल्या होत्या.

मालुबाई म्हणजे आण्णांची बायको. आण्णा गेल्यावर संस्थेनं त्यांना शिपाई म्हणून घेतलं, आणि नेमका हाच मजला दिला. रविराज त्यांना वैनी म्हणायचा, त्या त्याला भावजी. आण्णांचं प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी कुंकू पुसलं नव्हतं. गल्लीतल्या बायका त्यावरनं कुजबुजायच्या. मालुबाई रोज सकाळी कुंकू लावून यायच्या आणि कुणाकडं बघायच्या नाहीत.

“रंग उतरलाय तुमचा, भावजी,” त्या कप ठेवत म्हणाल्या.

“झोप न्हाय झाली, वैनी.”

“मलाबी लागत न्हाय. बसलं की राग येतो वो त्यांचा. हेडमास्तर दुपारीच किल्ली देऊन घरला गेल्ते. चारला काम झालं, तुमी या म्हणालासा. मग सा वाजूस्तर एकला मानूस शाळंत काय करत बसला हुता? लोक म्हणत्यात बाटली घिऊन बसला असंल. मी म्हणायची, न्हाय. आता मलाबी वाटाय लागलंय.”

रविराजनं कप उचलला आणि परत खाली ठेवला. 

४

खरी गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती.

जुलैचा दिवस होता तो. कणकुंबीला सकाळपासून पाऊस कोसळत होता. शाळा आणि बसथांबा यांच्यामध्ये एक ओढा आहे, त्यावर बुटका फरशीचा पूल. चार वाजता फरशीवर घोट्याएवढं पाणी होतं. साडेचारची गाडी होती. वेळेवर निघाला असता तर कुणीही चालत गेला असता.

चार वाजून सात मिनिटांनी आण्णांनी फोन केला. “रवी, दिसतोय का मी?”

रविराज ऑफिसात नव्हता. लेकीला, आरोहीला, शाळेतनं आणायला म्हणून तो कुणाला न सांगता निघाला होता आणि एका दुकानाच्या पत्र्याखाली उभा होता. मी जागेवर नाही, एवढं सांगून टाकलं असतं तरी आण्णांनी कुणाकडं चाडी केली नसती. पण त्याला लाज वाटली. समोर पडदा नसताना तो म्हणाला, “अजून दिसत न्हाय, आण्णा. पाच मिनिटं थांबा, मी सांगतो.”

मग आरोही धावत आली. तिची छत्री उलटी झाली, दोघं हसत हसत भिजले, घरी जाऊन गरम भजी खाल्ली. आण्णांची आठवण झाली ती आठ वाजता. फोन लागला नाही.

पावसात कणकुंबीची रेंज जाते. आण्णांनी किती वेळा फोन लावून बघितला ते कुणालाच कळलं नाही. सहा वाजता समोरच्यांना शाळेत दिवा दिसला होता, त्यापुढं ते केव्हातरी निघाले, आणि तोवर फरशीवरनं कमरेइतकं पाणी चाललं होतं. तीन दिवसांनी निळी पिशवी एका झाडाच्या मुळांत अडकलेली मिळाली. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोन. फोन बंद पडलेला. कंपनीच्या नोंदीत शेवटचा कॉल चार सात, बावीस सेकंद.

काय बोलणं झालं, असं पोलिसांनी विचारलं, संस्थेनं विचारलं, शेवटी मालुबाईंनी विचारलं. सगळ्यांना त्यानं एकच सांगितलं. ‘दिसतोय का म्हणाले. मी दिसतोय म्हटलं, या म्हटलं.’

आण्णा बेपत्ता झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं सॉफ्टवेअरच्या नोंदी उघडून बघितल्या होत्या. कणकुंबीची पहिली ओ चार वाजून पाच मिनिटांनी आली होती. आण्णांनी विचारलं त्याच्या आधी दोन मिनिटं ते दिसत होते.

५

त्या दिवशी संध्याकाळी निघताना रविराजनं पुन्हा रकाना उघडला. आधीचं सगळं पुसलं होतं. एकच शब्द राहिला होता.

‘थांबलोय.’

कुणी थट्टा करत असेल, कुणी आत घुसून लिहीत असेल, हे सगळं तो दोन दिवस मनाला समजावत आला होता. पण त्यानं आण्णांना थांबायला सांगितलं होतं हे ह्या जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक ह्या खुर्चीत बसला होता.

मालुबाई खोली झाडायला आल्या तेव्हा तो तसाच बसलेला होता. त्यानं त्यांना बसायला सांगितलं. त्या कधी त्याच्यासमोर बसत नसत, त्या दिवशी बसल्या. मग त्यानं सगळं सांगितलं. दुकानाचा पत्रा, छत्री, भजीसुद्धा, आणि कणकुंबीचा ठिपकाही. सांगताना तो रडला, आणि आपण रडतोय याचीही त्याला लाज वाटली, कारण रडायचा हक्क समोर बसलेल्या बाईचा होता.

मालुबाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “म्हंजे पिऊन बसले न्हवते.”

“न्हाय, वैनी.”

“सा म्हैने मी त्यास्नी शिव्या घातल्या.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “त्ये काय ल्हिलंय पडद्यावर? वाचून दावा.”

त्यानं वाचून दाखवलं. मालुबाई ठिपक्याकडं बघत राहिल्या. मग झाडू घेऊन उठल्या आणि खोली झाडल्याशिवायच निघून गेल्या.

६

पुढचे दोन दिवस त्या कामावर आल्या नाहीत. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असतं. दीप्ती दुपारीच निपाणीच्या गाडीनं गेली. रविराज मागं राहिला. ठिपका तसाच सोडून घरी जाणं त्याला होईना.

टेबलावरचा फोन वाजला तेव्हा घड्याळात चार वाजून सात मिनिटं झाली होती.

“भावजी, मी मालू. कणकुंबीला आलीया. शाळंच्या समोर जयाबाई ऱ्हात्यात, त्यांच्याकडं किल्ली हुती. ऑफिसच्या खोलीत हुभी हाय.”

“वैनी, एकट्या कशाला गेलासा?”

“टेबल हाय. मशीन न्हाय. खुर्ची तेवढी वली हाय.” त्यांचा आवाज कोरडा होता. “तुमी आता जाग्यावर हायसा न्हवं?”

“हाय.”

“मग बघा. नीट बघा, आनि सांगा दिसतंय का.”

रविराज उठला. फोनची वायर ताणून पडद्याच्या अगदी जवळ गेला आणि कोपऱ्यातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. हिरवा होता.

“दिसतोय,” तो म्हणाला.

“मला नगं. त्यास्नी सांगा. फोन टेबलावर ठेवायलीय.”

एक बारीक खट् असा आवाज झाला. मालुबाईंचा श्वास फोनपासून लांब गेला. आणि मग रविराजला पाऊस ऐकू आला. कौलांवर पडणारा, जाड, न थांबणारा, कणकुंबीचा पाऊस. त्याच्या डाव्या हाताला खिडकी होती, तिच्यातनं टेबलावर पिवळं ऊन पडलं होतं. पावसाच्या आवाजात खूप जवळून कुणीतरी नाकानं श्वास घेत होतं. सर्दी झालेल्या माणसासारखा, धीरानं.

 बोलावलं तर कुणाला बोलावतोय, आणि कुठं, हे त्याला कळत नव्हतं. पण मागच्या वेळी ह्याच प्रश्नाला तो खोटं बोलला होता.

“दिसतोय, आण्णा,” तो म्हणाला. “मगाशीच दिसलासा. माझं चुकलं. या आता.”

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. जमिनीवर लाकडी पाय घासले जातात तसा, सावकाश. पाऊस एकदम थांबला. मग मालुबाईंचा आवाज आला, “झालं? निघते मग. साडेचारची गाडी हाय.”

“वैनी, तिकडं पाऊस पडतोय का?”

“न्हाय वो. ऊन हाय की कडक.”

दहा मिनिटांनी कणकुंबीचा ठिपका लाल झाला, आणि थोड्या वेळानं त्याची नोंदच यादीतनं गेली. रविराज तरीही उठला नाही. सव्वापाचच्या सुमाराला जांबोटीच्या शाळेचे चारही ठिपके एका दमात लाल झाले आणि पुढच्या हाकेला परत हिरवे झाले. जांबोटीची शाळा रस्त्याला लागूनच आहे. बेळगावला येणारी गाडी तिच्या समोरनंच जाते.

७

सोमवारी मालुबाई वेळेवर कामावर आल्या. दीप्ती निपाणीहून अजून यायची होती. कपाळावर कुंकू, डोळे सुजलेले. चहाचे दोन कप त्यांनी टेबलावर ठेवले आणि कमरेची पिशवी सोडून दोन तिकिटं त्याच्यापुढं मांडली.

एक शून्याचं. कर्नाटकच्या गाडीत आधार कार्ड दाखवलं की बायकांना फुकट मिळतं ते. दुसऱ्यावर कानडीत छापलं होतं, कणकुंबी ते बेळगावी, पुरुष, एक, पूर्ण. शनिवारची तारीख होती, वेळ चार एकतीस.

“मी एकच मागितलं,” मालुबाई म्हणाल्या. “कंडक्टरनं माज्या बाजूच्या सीटकडं बघितलं आनि त्ये बी फाडलं. मी काय बोलले न्हाय. पैसे दिले.”

रविराजनं ते तिकीट उचललं. दोन दिवस झाले होते तरी ते ओलं होतं.

“घरी हायत?” त्यानं विचारलं. आपणच हे विचारतोय यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

“बसल्यात. खिडकीजवळ. जेवत न्हाईत. तीनदा अंग पुसलं म्या, वाळंना झालंय.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. “लई दमल्यात वो. दमलेल्या मानसाला आडवं व्हा म्हटलं तर हुईत न्हाईत. झोपा म्हटलं तर झोपत न्हाईत. मी बोलते त्ये ऐकू जातंय का न्हाय, कळत न्हाय. एकच बोलत्यात, दारात कोन आलं की.”

“काय?”

“रवी सांगतो म्हणालाय.”

रविराजनं पडद्याकडं बघितलं. पडद्यावर सगळ्या शाळा हिरव्या होत्या. कणकुंबीची जागा रिकामी होती.

“तुमी फोनवर सांगितलासा, त्ये शाळंतनं उठाय पुरलं,” मालुबाई म्हणाल्या. “आता घरला या. म्होरं बसा त्यांच्या आनि तोंडावर सांगा काय झालं त्ये. मग जातील त्ये. मग म्याबी कुंकू पुसते.”

रविराजला नाही म्हणायचं होतं. आरोहीला शाळेतनं आणायचंय, ऑफिस सोडता येत नाही, तब्येत बरी नाही, अशी कारणं त्याच्या तोंडाशी आली. एकेकाळी अशी कारणं त्याला सहज सुचायची. त्यानं होय म्हणून मान हलवली.

मालुबाईंनी रिकामे कप उचलले.

“पाच मिनिटं थांबा, भावजी,” त्या म्हणाल्या. “येवढे कप धुऊन येती. बरोबरच जाऊया.”

त्या जिना उतरत गेल्याचा आवाज आला. मग खाली नळ सुटला, आणि पाणी पडत राहिलं. रविराज खुर्चीत बसून राहिला. उठून जायला दार उघडं होतं.

तो थांबला.